ठोका आणि विराम
वऱ्हाडच्या कापसाच्या तारेपासून संगणकाच्या घड्याळापर्यंत

१८७० सालीं वऱ्हाडच्या कापसाला दोन वाटा जवळजवळ एकदमच मोकळ्या झाल्या. मुंबईहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा हीं गांवें घेत १८६७ मध्येंच नागपुरास पोंचला होता. आतां जलंबपासून खामगांवच्या कापूस-बाजारापर्यंत त्याला फांटा फुटला, आणि त्याचें उद्घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगांव त्या काळीं अकोला जिल्ह्यांतच मोडत असे. ही झाली मालाची वाट. दुसरी वाट बातमीची. त्याच वर्षीं 'ग्रेट ईस्टर्न' या अगडबंब जहाजानें मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशीं तार अंथरली, आणि सुएझमार्गें मुंबई लंडनशीं जोडली गेली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानें तारेनें मागणी करावी आणि सहा आठवड्यांच्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मर्सी नदीच्या धक्क्यावर उतरावा, इतकें अंतर आटलें. त्या बाजारांत या कापसाला नांवच 'उमरा' असें पडलें होतें. उमरावती म्हणजे अमरावती, तिचा हा साहेबी अपभ्रंश.

कापसाच्या या व्यापाराची आर्थिक बाजू पुष्कळांनीं लिहिली आहे. तारेंतून जें धांवत होतें त्याचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. आणि जेव्हां सांगितला जातो तेव्हां तो वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वेग खरा, परंतु तारेच्या धंद्यांतील खरी डोकेदुखी वेगाची नव्हती. थकलेल्या संकेताला वाटेंत बळ देणें हें काम सोपें होतें. बळ देतांना त्याचीं मूळ मापें बिघडूं न देणें हें कठीण होतें. तेंच कठीण काम पुढें सव्वाशें वर्षांनीं, अब्जांश सेकंदाच्या हिशेबांत, संगणकाची चिप रेखणाऱ्या इंजिनीयरांच्या वाट्यास आलें, आणि त्यावरचा त्यांचा उपाय तारमास्तरांच्या उपायाचाच सख्खा नातू निघाला.

तारेंतून अक्षरें जात नाहींत. तारेंतून जातो तो प्रवाह आणि प्रवाहाचा अभाव. एक ठोका, एक विराम. आंतरराष्ट्रीय मोर्स लिपींत बिंदु एका मात्रेचा आणि रेषा तीन मात्रांची. एकाच अक्षरांतील दोन खुणांमध्यें एका मात्रेचा विराम, दोन अक्षरांमध्यें तीन मात्रांचा, दोन शब्दांमध्यें सात मात्रांचा. म्हणजे जितका अर्थ ठोक्यांत आहे तितकाच तो विरामांतहि आहे. तबल्यावर ठेका धरणाऱ्याला हें समजावून सांगावें लागत नाहीं. सम जितकी मोजावी लागते तितकीच खालीहि मोजावी लागते. नुसते बिंदूच एकामागून एक पाठवीत राहिलें तर निम्मा वेळ प्रवाह वाहील आणि निम्मा वेळ थांबेल. एका पूर्ण फेऱ्यांत ठोक्याचा जो वांटा असतो त्याला आजचे इंजिनीयर 'ड्यूटी सायकल' म्हणतात. निर्दोष बिंदुमालिकेंत तो वांटा शेंकडा ५० असतो. तो ५५ झाला किंवा ४५ झाला तर प्रवाह कमी झालेला नसतो, तार तुटलेली नसते, कांहींच बिघडल्यासारखें दिसत नाहीं. फक्त एका बाजूला मिळालेली जागा दुसऱ्या बाजूची चोरलेली असते.

ही चोरी किती महाग पडूं शकते याचें एक उदाहरण कायद्याच्या पुस्तकांत कायमचें नोंदलें गेलें आहे. तें कापसाचें नाहीं, लोकरीचें आहे, आणि अमेरिकेंतलें आहे. परंतु अकोल्याच्या कोणाहि अडत्याला तें लगेच पटेल. तारेला शब्दागणिक दाम पडे, म्हणून व्यापारी आपसांत सांकेतिक शब्द ठरवीत. फिलाडेल्फियाच्या प्रिमरोज नांवाच्या व्यापाऱ्यानें १८८७ सालीं आपल्या दलालास जी तार केली तींत 'बे' असा शब्द होता. सांकेतिक कोशाप्रमाणें त्याचा अर्थ 'मीं खरेदी केली आहे' असा होता. तार पोंचली तेव्हां त्या 'बे'चें 'बाय' झालेलें होतें. म्हणजे 'खरेदी कर'. इंग्रजी लिपींत त्या दोन शब्दांत एका मधल्या अक्षराचा फरक, आणि मोर्सच्या लिपींत त्या दोन अक्षरांत अवघ्या एका बिंदूचा. दलालानें हुकुमाप्रमाणें लोकर खरेदी करीत सुटावें, यांत त्याची चूक ती काय? प्रिमरोजचें वीस हजार डॉलरांहून अधिक नुकसान झालें. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९४ मध्यें निकाल लागला कीं, तार दुसऱ्यांदा उलट वाचून घेण्याचे जादा पैसे त्यानें भरले नव्हते, सबब त्यास तारेचा आकार तेवढा परत मिळेल. तो आकार एक डॉलर पंधरा सेंट होता. सांकेतिक तारेंतली मेख हीच कीं, चुकीचा शब्दहि शहाण्यासारखाच दिसतो. वाचणाऱ्याला संशय येण्यास जागा राहत नाहीं.

आतां हीं मापें बिघडतात कोठें? पुष्कळ अंशीं, मदतीला ठेवलेल्या यंत्रांतच. दूरच्या ठाण्यावर पोंचेपर्यंत प्रवाह इतका क्षीण होई कीं त्यानें टांक हलणें अशक्य. म्हणून वाटेंत रिले बसवीत. दुरून आलेला क्षीण प्रवाह एका विद्युच्चुंबकांत जाई. तो चुंबक लोखंडाची एक हलकीशी जीभ ओढून घेई. जीभ टेकली कीं जवळच्या ताज्या बॅटरीचें मंडल पुरें होई आणि नवा, जोरकस प्रवाह पुढच्या तारेंत शिरे. वर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, हा शब्द रूढ होण्यापूर्वींचा हा वर्धकच. परंतु ती जीभ परत मागें आणण्यासाठीं एक स्प्रिंग असे, आणि सगळें पाप त्या स्प्रिंगेंत होतें. लांब तारेंतला प्रवाह भिंतीसारखा सरळ उभा राहत नाहीं. तो चढणीसारखा हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. स्प्रिंग ताठ असेल तर जीभ उशिरां टेकते आणि लवकर सुटते. ठोका आखूड होतो. स्प्रिंग सैल असेल तर जीभ लवकर टेकते आणि उशिरां सुटते. ठोका फुगतो आणि विराम बुजतो. उन्हाळ्यांत नेमकी लावलेली स्प्रिंग पावसाळ्यांत चुकीची ठरे, कारण भिजलेल्या चिनी मातीच्या टोप्यांवरून थोडाथोडा प्रवाह खांबांत झिरपून जाई आणि चढणीची उंचीच कमी होई. तारमास्तराला हवा पाहून स्क्रू पिळावा लागे.

एका रिलेनें थोडेंसें बिघडविलें तर कान सांभाळून घेई. पण रिले ओळीनें येतात. समजा, प्रत्येक रिले मूळ ठोक्याचा विसावा भाग खातो. असे दहा रिले एकाच बाजूला कलणारे असतील तर दहाव्याच्या पलीकडे ठोका निम्माच उरेल, आणि गंमत अशी कीं तो निम्मा ठोका अगदीं पूर्ण जोरानें वाजेल. आवाज खणखणीत, मजकूर खोटा.

यावर जर्मनीच्या सीमेन्स मंडळींनीं आणि इतरांनीं जो मार्ग काढला तो त्या काळच्या इंजिनीयरिंगचा उत्तम नमुना आहे. स्प्रिंगच काढून टाकावयाची. ठोक्यासाठीं एका दिशेचा प्रवाह, विरामासाठीं प्रवाह बंद करण्याऐवजीं तितकाच उलट दिशेचा प्रवाह. आणि रिलेची जीभ अशी चुंबकित कीं एक दिशा तिला डावीकडे नेईल व दुसरी उजवीकडे. आतां पावसानें प्रवाह घटला तर दोन्ही बाजूंनीं सारखाच घटतो, आणि ओलांडण्याची रेघ शून्यावरच राहते. दोष नाहींसा झाला नाहीं. तो दोन्ही पारड्यांत सारखा वांटला गेला. सीमेन्सच्या लंडन-तेहरान मार्गावर वाटेंतल्या ठाण्यांत माणसानें संदेश उतरवून घेऊन पुन्हां ठोकण्याची गरज राहिली नाहीं, यंत्रेंच तो पुढें ढकलूं लागलीं. १२ एप्रिल १८७० रोजीं लंडनहून कलकत्त्यास संदेश २८ मिनिटांत पोंचल्याचें प्रात्यक्षिक झालें. त्याच्या पांच वर्षें आधींच्या तुर्की मार्गावर संदेशाला दिवसचे दिवस लागत, आणि इंग्रजी न येणाऱ्या कारकुनांच्या हातून जातांजातां त्याची पार रया जाई.

तरीहि एक प्रश्न उरलाच. दोन्ही बाजू खरोखरीच सारख्या आहेत हें ओळखावयाचें कसें? एकेक ठोका कोण मोजीत बसणार? तारखात्यांतील परीक्षा फार साधी होती. दूरच्या ठाण्याला सांगावयाचें कीं नुसते एकसारखे ठोके-विराम पाठवीत राहा. इकडे मध्यावर शून्य असलेला मिलिॲमीटर जोडावयाचा. कांटा जड असल्यामुळें तो प्रत्येक ठोक्यामागें धांवूं शकत नाहीं. डावीकडे-उजवीकडे सारखाच ओढला गेला तर तो शून्यावर उभा राहतो. ठोके लांबले तर एका अंगास कलतो, विराम लांबले तर दुसऱ्या. मग रिलेचा स्क्रू इतकाच फिरवावयाचा कीं कांटा शून्यावर यावा. कांट्याचा आळस हाच येथें त्याचा गुण. क्षणाक्षणाचा हिशेब न ठेवतां तो पुष्कळ वेळाची सरासरी सांगतो, आणि सरासरी खोटें बोलत नाहीं. तारमास्तराच्या टेबलावरचा हा आळशी कांटा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पुढें त्याची गांठ पडावयाची आहे.

वऱ्हाडांत तारेनें आणखी एक वस्तु आणली, ती म्हणजे परक्या गांवची वेळ. गाड्या मद्रासच्या वेळेवर चालूं लागल्या. मद्रासच्या वेधशाळेंतून वेळेचा संकेत तारेनें रोज देशभर जात असे. अकोल्याच्या सूर्यापेक्षां मद्रासचा सूर्य सुमारें १३ मिनिटें आधीं माथ्यावर येतो, म्हणजे स्टेशनांतलें घड्याळ गांवच्या घड्याळाच्या तितकें पुढें. १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ आली आणि तो फरक २२ मिनिटांचा झाला. प्रस्तुत विषयाला यांतलें एकच हवें आहे. वेळेच्या संकेतांत ठोका किती वेळ टिकला याला कांहीं किंमत नाहीं; तो सुरू कोणत्या क्षणीं झाला एवढेंच पहावयाचें. ठोक्याची चढती कड खरी, उतरती कड निरुपयोगी. विजेच्या संगणकांत जो क्लॉक-संकेत सगळ्या भागांना ताल देतो, त्याचाहि उपयोग कित्येक वर्षें बहुधा असाच होई; चढत्या कडेला कामें करावयाचीं आणि उतरती कड सोडून द्यावयाची. जोंवर असें होतें तोंवर ठोक्याचा वांटा ५० आहे कीं ४० आहे याची विवंचना कोणी फारशी केली नाहीं.

मधल्या काळांतील शोधांचा उल्लेख येथें धांवताच पुरे. व्हॅक्यूम व्हॉल्व्हमुळें जीभ व स्प्रिंग गेली. १९१८ मध्यें एक्लिस व जॉर्डन या इंग्रज संशोधकांनीं दोन व्हॉल्व्ह परस्परांना अडकवून अशी जोडी केली कीं जी दोनपैकीं एका स्थितींत ठाम राहते आणि धक्का मिळाला कीं दुसरींत जाते. १९२७ सालीं हॅरोल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनीयराला हडसन नदीवरच्या नावेंतून कामावर जातांना सुचलें कीं, वर्धकाच्या उत्पन्नाचा कांहीं भाग उलटा करून त्याच्याच तोंडाशीं आणून दिला तर तो आपले दोष आपणच कापतो. हातांतल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्यानें तो हिशेब मांडला. आणि १९३८ मध्यें ऑटो श्मिट यानें ढेपाळलेल्या संकेताच्या कडा पुन्हां ताठ करणारें मंडल प्रसिद्ध केलें. या तिन्ही कल्पना पुढच्या हकीकतींत एकत्र येतात.

अकोला जिल्ह्याचा या विषयाशीं संबंध कापसाच्या तारेबरोबर संपला नाहीं. मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा या गांवीं १९४६ सालीं विजय पांडुरंग भटकर यांचा जन्म झाला. नागपूर, बडोदें आणि दिल्ली येथें विद्युत्-विज्ञानाचें शिक्षण घेऊन ते तिरुवनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्राचे संचालक झाले. पुढें १९८८ मध्यें पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे 'सी-डॅक', स्थापन झालें, तेव्हां त्याची सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. हवामानासाठीं एक क्रे महासंगणक अमेरिकेनें भारतास दिला खरा, परंतु बंगलोरच्या विज्ञानसंस्थेसाठीं मागितलेला दिला नाहीं. तेव्हां आपला महासंगणक आपणच करावयाचा, तीन वर्षांत आणि तीस कोटि रुपयांत, असा संकल्प झाला. आणि १९९१ मध्यें 'परम ८०००' उभा राहिला. एकच प्रचंड गणकयंत्र बांधण्याऐवजीं ६४ लहान गणकयंत्रें एकमेकांशीं बोलत ठेवावीं, ही त्याची युक्ति. तीं लहान गणकयंत्रें म्हणजे ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीच्या 'ट्रान्सप्यूटर' नांवाच्या चिपा.

येथें तारखात्याची जुनी ओळख पुन्हां निघते. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला बाहेर बोलण्यासाठीं चार तोंडें असत. त्यांतून एकेक खूण ओळीनें, मोर्ससारखीच, एका तारेवरून दुसऱ्या चिपेकडे जाई. सेकंदाला दोन कोटि खुणांपर्यंत, म्हणजे एका खुणेला ५० नॅनोसेकंद. नॅनोसेकंद हा सेकंदाचा अब्जावा भाग. इतक्या सगळ्या चिपांना एकच क्लॉक-संकेत त्याच क्षणीं पोंचविणें महाकर्मकठीण. म्हणून इनमॉसनें तो आग्रहच सोडला. प्रत्येक चिपेला बाहेरून ५ मेगाहर्ट्झचा मंद संकेत द्यावा, जलद ताल तिनें आंत स्वतः तयार करावा, आणि दुसऱ्या चिपेचा निरोप सुरुवातीच्या खुणेपासून मोजून वाचावा. कपाटांतून कपाटांत जाणाऱ्या लांब तारांवर मध्यें वर्धक बसवावा लागला तर काय, याचें उत्तर इनमॉसच्या माहितीपत्रकांत आहे, आणि तें जुन्या तारमास्तराला चटकन समजलें असतें. वर्धकामुळें निरोपाला किती उशीर होतो याला महत्त्व नाहीं. मात्र चढत्या कडेचा उशीर आणि उतरत्या कडेचा उशीर यांत तफावत पडतां कामा नये. सर्वांत जलद वेगाला ही तफावत ३ नॅनोसेकंदांहून अधिक चालत नसे. तेवढ्या वेळांत प्रकाशहि तीन फुटांहून पुढें जात नाहीं. उशीर माफ, पण ठोक्याची लांबी बदलणें माफ नाहीं. अशाच यंत्रांतील जोडण्या बदलण्यासाठीं इनमॉसनें ३२ तोंडांची एक स्विच-चिप केली होती. ती आलेला निरोप नुसता फुगवून पुढें देत नसे, तो वाचून नव्यानें लिहीत असे. त्यामुळें अशा कितीहि चिपा ओळीनें लावल्या तरी माप बिघडत नसे.

परंतु नव्यानें लिहावयाचें तर लिहिणाऱ्याचा स्वतःचा ताल शुद्ध हवा. तोच अशुद्ध झाला तर? हा प्रश्न १९९० नंतरच्या दशकांत ऐरणीवर आला, कारण वेगाच्या हव्यासांत इंजिनीयरांनीं उतरत्या कडेलाहि कामाला जुंपलें. संगणकाच्या स्मृतिचिपा गणकाच्या मानानें मंद पडत होत्या. क्लॉकचा वेग न वाढवितां चढत्या कडेला एक खूण आणि उतरत्या कडेला दुसरी खूण पाठविली तर तितक्याच तालांत दुप्पट माल जातो. कॅलिफोर्नियांतील रॅम्बस कंपनीनें हा मार्ग धरला. तिच्या टॉमस ली आदि इंजिनीयरांचा १९९४ सालचा निबंध या क्षेत्रांत प्रसिद्ध आहे. सेकंदाला ५० कोटि बाइट हें त्यांचें माप होतें. क्लॉक २५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक फेरा ४ नॅनोसेकंदांचा, आणि प्रत्येक खुणेला २. आतां ठोक्याचा वांटा ५५ झाला तर एका खुणेला २.२ मिळतात आणि दुसरीला १.८, आणि संबंध यंत्राचा वेग त्या १.८ वाल्या गरिबावर ठरतो. श्रीमंताला मिळालेले जादा ०.२ कोणाच्याच उपयोगाचे नाहींत.

हा वांटा बिघडविणारा पुन्हां वर्धकच. बाहेरून येणारा क्लॉक-संकेत लहान चढउताराचा असतो आणि त्याच्या कडा उतरंडीच्या असतात. चिपेच्या आंत तो मोठा व ताठ करावा लागतो. ज्या पातळीला वर्धक 'आतां ठोका सुरू झाला' असें मानतो ती पातळी बरोबर मध्यावर नसेल, तर ताठ स्प्रिंगेची गोष्ट पुन्हां घडते. शिवाय चिपेंतील ट्रान्झिस्टर दोन जातींचे. एकांत इलेक्ट्रॉन धांवतात, दुसऱ्यांत त्यांच्या रिकाम्या जागा, ज्यांना 'होल' म्हणतात. आणि सिलिकॉनमध्यें या रिकाम्या जागांची चपळाई इलेक्ट्रॉनांच्या सुमारें एकतृतीयांशच. एक जात संकेत वर खेंचते, दुसरी खालीं. आकार कमीजास्त ठेवून दोघींची बरोबरी करतां येते, परंतु चिप तापली, विजेचा दाब हलला, किंवा कारखान्यांत एखाद्या थराची जाडी केसभर बदलली कीं ती बरोबरी मोडते. अकोल्याचा पाऊस नाहीं, पण चिपेलाहि तिचे ऋतु आहेत.

उपाय असा. मुख्य वर्धक हा दोन ट्रान्झिस्टरांची जोडी असतो. दोघांमिळून एकच ठराविक प्रवाह, आणि संकेत तो प्रवाह कधीं एकाकडे तर कधीं दुसऱ्याकडे वळवितो. वर्धकाच्या उत्पन्नाशीं दोन छोटे कंडेन्सर जोडावयाचे. ठोका चालूं असेपर्यंत पहिला भरावयाचा आणि दुसरा उपसावयाचा. विराम आला कीं उलट. ठोका आणि विराम सारखे असले तर भरलें तेवढेंच उपसलें जातें आणि दोहोंतला फरक जागच्या जागीं राहतो. ठोका लांब असला तर फरक फेऱ्यागणिक थोडाथोडा सांचत जातो. हा सांचलेला फरक म्हणजे तारमास्तराचा आळशी कांटा! फरक इतकाच कीं येथें स्क्रू पिळावयास माणूस नाहीं. तो फरक एका दुसऱ्या, लहान जोडीला दिला जातो, आणि ती जोडी मुख्य वर्धकाच्या उत्पन्नांत उलट दिशेचा चिमूटभर प्रवाह मिसळते. त्यामुळें ओलांडण्याची रेघ वरखालीं सरकते, आणि ठोका व विराम सारखे होईपर्यंत सरकत राहते. हॅरोल्ड ब्लॅकचीच ती युक्ति, फक्त आवाजाच्या शुद्धतेऐवजीं वेळेच्या वांटणीला लावलेली.

हें ऐकावयास सोपें, रेखावयास नाहीं. पहिली अडचण कडांची. रेघ सरकविल्यानें ठोका तेव्हांच लांब-आखूड होतो जेव्हां कडा उतरत्या असतात. समजा, संकेताला तळापासून माथ्यापर्यंत चढण्यास ०.४ नॅनोसेकंद लागतात, आणि उतरण्यासहि तेवढेच. रेघ एकदशांश उंचीनें खालीं आणली तर चढती कड ०.०४ आधीं ओलांडली जाते आणि उतरती तितकीच उशिरां, ठोका ०.०८ नॅनोसेकंदानें लांबतो, म्हणजे ४ नॅनोसेकंदांच्या फेऱ्यांत वांटा शेंकडा २ नें वाढतो. कडा भिंतीसारख्या सरळ असत्या तर रेघ कितीहि हलविली तरी कांहींच बदललें नसतें. ज्या उतरणीमुळें रोग होतो तिच्याच वाटेनें औषध जातें. म्हणून दुरुस्ती करणारा वर्धक मुद्दाम थोडा संथ ठेवावा लागतो आणि कडा ताठ करण्याचें काम त्याच्या मागच्या मंडलावर सोंपवावें लागतें.

दुसरी अडचण कंडेन्सरांच्या आकाराची. ते लहान असले तर प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांचा दाब थरथरतो, आणि ती थरथर क्लॉकच्या कडांत उतरते. वांटा दुरुस्त करतां करतां ताल डळमळूं लागतो. ते मोठे असले तर दाब शांत राहतो, पण चिप झोपेंतून उठल्यावर वांटा जागेवर येण्यास फार वेळ घेते, आणि तोंवर तिच्या बोलण्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. वीज वांचविण्यासाठीं वारंवार झोपविल्या जाणाऱ्या यंत्रांत ही दिरंगाई बोंचते. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि अनेक नवशिके तेथेंच फसतात. कंडेन्सर भरणारा प्रवाह आणि उपसणारा प्रवाह हे स्वतः तंतोतंत सारखे नसतील तर हें मंडल ५१ चा वांटा मोठ्या निष्ठेनें ५१ वरच धरून ठेवील, आणि त्याच्या दृष्टीनें सर्व कांहीं ठीक असेल. काटाच खोटा असला तर तोलणाऱ्याचा प्रामाणिकपणा काय कामाचा? म्हणून या मंडलांत मुख्य वर्धकापेक्षांहि त्या भरण्या-उपसण्याच्या प्रवाहांच्या सारखेपणावर रेखणाऱ्याची अधिक मेहनत खर्च होते.

यांतून सुटण्याची एक पळवाटहि आहे, ती एक्लिस-जॉर्डनच्या जोडीची. दुप्पट वेगाचा क्लॉक घ्यावा आणि त्याच्या प्रत्येक चढत्या कडेला ती जोडी एका स्थितींतून दुसरींत उलटवावी. मूळ ठोका कसाहि वांकडातिकडा असो. कडेपासून कडेपर्यंतचें अंतर सारखें असल्यामुळें निम्म्या वेगाचा निघणारा संकेत जवळजवळ बिनचूक ५० चा असतो. मात्र जेथें आधींच वेगाची परिसीमा गाठली आहे तेथें दुप्पट वेगाचा क्लॉक आणावयाचा कोठून? आणि ५० चा वांटा हातीं आला तरी पुढें चिपेच्या कानाकोपऱ्यांत तो नेणाऱ्या वर्धकांची रांग त्याला पुन्हां वांकविणारच. म्हणून दुरुस्ती शक्य तितकी रांगेच्या शेवटीं पाहून करावी लागते.

भारतांतील तारसेवा १५ जुलै २०१३ रोजीं बंद झाली. कंडेन्सरांत सांचलेल्या दाबावर विसंबणारीं मंडलें अजून वापरांत आहेत, पण झोपेंत तो दाब झिरपून जातो, ही त्यांची उणीव. म्हणून त्यांच्या जोडीला आंकड्यांनीं चालणारीं मंडलें आलीं. त्यांत वांटा किती सरकवावा हें एका लहानशा आंकड्याच्या रूपानें लिहून ठेवतात. जेडेक या प्रमाण ठरविणाऱ्या संस्थेनें २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'डीडीआर ५' स्मृतिचिपांच्या नियमावलींत ही सोय चिपेच्या आंतच ठेवलेली आहे. संगणक सुरू होतांना नियंत्रक तो आंकडा एकेक घर वरखालीं करून पाहतो, दोन्ही कडांच्या खुणांना सारखी जागा कोणत्या आंकड्याला मिळते तें शोधतो, आणि तो आंकडा चिपेच्या नोंदींत लिहितो. चिप डुलकी घेऊन उठली तरी आंकडा तेथेंच असतो.